वीज गेली की उतरणारी कृपा

भाचीचं पत्र अप्पांच्या खणात उत्तराविना पडून होतं. ती दूरच्या इस्पितळात, नवजात बाळांच्या कक्षात नर्स होती. तिनं लिहिलं होतं, "मामा, तुमचा नवा प्रोग्राम चढवल्यापासून बाळांचा ऑक्सिजन दाखवणारं यंत्र सुरूच होईना. कंपनीनं स्पर्शगुरूंना पाठवलं. त्यांनी हात ठेवला आणि ते सुरू झालं. पण वीज गेली की पुन्हा काळा पडदा. ते म्हणतात, कक्षात अविश्वास फार आहे. मामा, मी या यंत्रावर विसंबू का?"

अप्पांची लेखणी पुढे सरकली नव्हती. तो प्रोग्राम बांधून पाठवणारे तेच. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं, दरवेळी सगळं ठीक. मग चूक कुठे, आणि सांगणारे आपण कोण? आयुष्यभर पुस्तकांच्या आड बसलेल्या माणसानं दुसऱ्याला ठामपणे काही सांगायचं म्हणजे संकटच.

आज कारखान्याच्या चाचणी-खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर परत आलेली यंत्रं, सगळ्यांचे पडदे काळे. समोर स्पर्शगुरू, गळ्यात चांदीच्या डबीतला पेनड्राइव्ह. त्याला ते 'कृपाकळ' म्हणत.

"यंत्राला तुम्ही करंट देता. माया देता का?" गुरू म्हणाले. "लोखंड एकवेळ सोसेल. चिप फार हळवी."

त्यांनी कृपाकळ यंत्रात खोचली, तळवा ठेवला, डोळे मिटले. पडदा उजळला. गुरूंनी कृपाकळ काढून पुन्हा डबीत ठेवली. हिशेब सांभाळणाऱ्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मॅनेजरबाईंच्या हातात करार तयार होता. प्रत्येक इस्पितळात गुरूंचा एक शिष्य. "अप्पा, तुमच्या तपासणीत काही निघालं?"

"नाही बाई. प्रोग्रामला लागणारं सगळं सापडतंय."

"मग कशाला उगाच तोंड पाडून उभे?"

सापडतंय. पण कुठे? अप्पा मनाशीच थबकले आणि हळूच आपल्या टेबलाकडे निघाले.

त्या चिमुकल्या यंत्रात प्रोग्राम बांधायची ताकद नसते. तो अप्पांच्या मोठ्या संगणकावर, वेगळ्या अवजारांनी, यंत्राच्या मापाचा बांधला जातो. शिवाय तो एकटा चालत नाही. इमारतीत सगळ्यांची मिळून एक शिडी असावी, तशा काही सामायिक फाइली असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या यंत्रात आधीच हजर असाव्या लागतात. अप्पा त्या आहेत का हे पाहत होते, पण आपल्याच अवजारांच्या फोल्डरात. पाहुण्याच्या घरी मीठ आहे का, हे आपल्या डब्यात हात घालून बघावं तसं. एक जुनी लायब्ररी तिथे कधीची पडून होती. चाचणीच्या जुन्या यंत्रातही ती होती. इस्पितळातल्या यंत्रांत मात्र नव्हती, आणि 'हीही लागते' असं अप्पांनी प्रोग्रामसोबत जाणाऱ्या यादीत लिहिलंच नव्हतं.

 मेमरी कार्डावर ती लायब्ररी घेऊन ते परत आले.

"महाराज, हे उजळलेलं यंत्र एकदा बंद करून लावू?"

"आजोबा, झोपलेलं बाळ जिवंत आहे का ते उठवून बघता का?"

लोक हसले. अप्पांचे कान तापले. "आई बघते, महाराज. दर थोड्या वेळानं नाकाशी बोट धरून बघते."

हसू विरलं. अप्पांनी वायर ओढली, पुन्हा लावली. पडदा काळा.

"शंका आली, कृपा उतरली," गुरू म्हणाले.

अप्पांनी शेजारच्या यंत्रात लायब्ररी कायमची बसवली. पडदा उजळला. बंद केलं, लावलं. पुन्हा उजळला. "याला कुणी माया दिलेली नाही. आणि शंका तर मला अजूनही येतेय."

मॅनेजरबाईंनी हात पुढे केला. "महाराज, कृपाकळ द्या बघू."

"परक्या हातानं बाटेल ती."

"बाटू दे."

संगणकावर उघडली तर आत तीच लायब्ररी. सोबत एक आज्ञा: ही फाइल तात्पुरत्या स्मृतीत ठेव. वीज गेली की पुसली जाणाऱ्या स्मृतीत. दुरुस्तीसाठी यंत्राला शिकवलेलं असतं, पेनड्राइव्ह खोचला की त्यातली आज्ञा पाळायची. गुरू पूर्वी अशीच यंत्रं दुरुस्त करत. रोग त्यांना पहिल्या दिवशीच कळला होता, पण कायमचं बरं केलं तर पुन्हा बोलावणार कोण?

"श्रद्धेला फाइल लागत नाही," गुरू पुटपुटले.

"मग गळ्यात कशाला बांधलीत?" काकू म्हणाल्या.

दाराशी जाऊन गुरू वळले. "चूक तर तुमचीच होती ना, आजोबा?"

"माझीच," अप्पा म्हणाले. "म्हणून तर दुरुस्त करता आली."

बाईंनी करार फाडला आणि इस्पितळांना फोन लावायला घेतले. यंत्रावर विसंबू नका, माणूस बसवा, दुरुस्ती येते आहे. मधल्या दिवसांत तिकडे वीज किती वेळा गेली असेल, हे अप्पांनी विचारलं नाही. विचारायला धीरच झाला नाही.

त्यांनी लिहायला घेतलं. "बाळ, उशीर झाला. चूक कक्षातल्या अविश्वासाची नव्हती, माझी होती. अविश्वास मीच थोडा आधी दाखवला असता तर बरं झालं असतं. सोबतचं कार्ड यंत्रात घाल. मग वायर काढ, पुन्हा लाव, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मामा सांगतो म्हणून मानू नकोस. कुणीही काहीही सांगितलं, तरी आधी वायर काढून बघत जा."

पाकीट चिकटवलं. टपालपेटीपाशी हात जरा अडला. पत्ता बरोबर आहे ना? त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला आणि पाकीट आत सोडलं.