काळ्या कडांची पुस्तकं

आमच्या सूनबाई कॉलेजच्या ग्रंथपाल. त्याच ग्रंथालयात मी अठ्ठावीस वर्षं झाडू-फडकं केलं, म्हणजे तिच्या खुर्चीपेक्षा माझा हक्क जुना. शिक्षण चौथीपर्यंत, पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे डोळे बांधून विचारा.

परवा ती तोंड पाडून घरी आली. निम्मी कपाटं काढायची, तिथे कॉम्प्युटर बसणार, असा प्राचार्यांचा हुकूम. दहा वर्षांत जे कुणी घरी नेलं नाही ते रद्दीत. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के असतात, ते बघून तिने यादी केली होती. गाडी शनिवारी. पण तिला घास उतरेना. पोरांना लागणारं पुस्तक आपल्या हातून गेलं तर परत कुठून आणायचं, हाच घोर.

मी म्हटलं, "शिकलेल्या माणसाला शिक्क्यापलीकडे दिसत नाही. चल, मला दाखव."

ग्रंथालयात रद्दीच्या ढिगातलं एक जाडजूड पुस्तक उचललं आणि पानांची बाजू तिच्यापुढे धरली. पुढे-मागे पांढरी, मध्ये काळा पट्टा, शर्टाच्या कॉलरसारखा.

"शिक्का एक नाही आणि मळ बघ केवढा. न्यायला जड, घरी टेकायला कोपरा नाही. पोरं इथेच खिडकीशी उभी राहून वाचतात, परत ठेवतात. तुझ्या कागदाला कळणार कसं?"

तिने काळं होतं तिथे उघडलं. हृदयाची चित्रं होती. मग पदर खोचून माझ्याशेजारी फरशीवर बसली.

दोन दिवस आम्ही कडा बघत होतो. तीही शिकली, पण घाई फार. एक राखाडी पुस्तक वाचवायला निघाली, तर म्हटलं, "ही धूळ आहे गं. धूळ वरून बसते, मळ बोटातून येतो." हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

शनिवारी गाडी दारात लागली आणि शेवटच्या गठ्ठ्यात ते हिरवं निघालं, सोनेरी वेलबुट्टीचं. हे गेल्यानंतर रोज तेच दोनदा पुसायची मी. काहीतरी चकाकतंय एवढाच आधार. कड मात्र दुधासारखी पांढरी. सुनेने गुपचूप ते राहणाऱ्यांत सरकवलं. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मुलानेच असेल.

मी परत काढलं. "लबाडी नको. मी पुसलं, वाचलं कुणी नाही. एखाद्या पोराची जागा अडेल."

"आई, राहू दे ना."

"नाही म्हटलं ना." मग मलाच राहवलं नाही. "आहे काय गं त्यात?"

"समुद्रावरच्या पक्ष्यांचं आहे."

एवढी वर्षं मला वाटत होतं, देवाधर्माचं असेल.

"वाच की थोडं."

गाडीवाल्याने बाहेरून हाक मारली. सुनेने चष्मा पुसला, पहिलं पान काढलं, आणि मान वर न करता त्याला सांगितलं, "थांबा जरा, आमच्या आई वाचतायत."