एलोव्हिश्तेची फ्लूची सुटी

फ्लूची सुटी जाहीर झाली तर स्पास बल्ताजिएव्हच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. फेब्रुवारीत ओस पडलेलं त्याचं हॉटेल भरणार होतं, कारण जिल्ह्यातल्या शाळा बंद झाल्या की आईबाप पोरांना घेऊन आमच्या एलोव्हिश्तेच्या उतारांवर बर्फात घसरायला येतात. मेहुणा त्याला 'रिकाम्या खोल्यांचा राजा' म्हणायचा, ते तोंड बंद होणार होतं. धाकट्या पोराची गणिताची परीक्षा पुढे ढकलली जाणार होती, हा वरचा नफा.

ही सुटी कोणाच्या लहरीवर मिळत नाही. बल्गेरियाच्या राजधानीतल्या, सोफियाच्या राष्ट्रीय आरोग्य केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यात काही डॉक्टर नेमलेत. ते दर आठवड्याला फ्लूचे रुग्ण कळवतात आणि प्रमाण ठरलेल्या रेषेवर गेलं की शाळांना कुलूप लागतं. आमच्याकडचे नेमलेले डॉक्टर म्हणजे हारालांपी कोलारोव्ह. माणूस दयाळू, आणि रोज संध्याकाळी स्पासच्या हॉटेलातल्या गरम झऱ्याच्या हौदात फुकट डुंबणारा. स्पासने त्यांना लाच वगैरे दिली नाही. नुसता हौदाच्या काठावर बसून म्हणाला, "डॉक्टर, यंदा गावात खोकला फार दिसतोय हो."

डॉक्टरांनाही दिसू लागला. शिंक आली, फ्लू. घसा खवखवला, फ्लू. गावानेही हात आखडता घेतला नाही. मास्तरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पुण्यकर्म असल्यासारखे दवाखान्यात खोकून आले. रेष गाठायला आता मोजकेच खोकले कमी पडत होते.

घोटाळा एवढाच झाला, की त्याच हिवाळ्यात परदेशात नव्या जातीचा फ्लू निघाला होता, आणि तो आपल्याकडे कुठे उगवतो यावर राष्ट्रीय केंद्र डोळे लावून बसलं होतं. औषधांचा पहिला साठा आणि फिरतं पथक एका गावाला पुरेल इतकंच. योग्य जागी वेळेत पोचलं तर साथ तिथेच दाबता येणार, चुकलं तर ती देशभर पसरणार. आणि नकाशावर लाल ठिपका एकच होता, एलोव्हिश्ते.

केंद्राचे प्रमुख प्राध्यापक गावाझोव्ह पथक आमच्याकडे धाडायला निघाले, तेव्हा आडवी आली झ्द्राव्का पोपतोनेव्हा. गावोगावच्या सांडपाण्यात विषाणू शोधणं हे तिचं काम, म्हणून केंद्रात तिला 'गटारराणी' म्हणत. तिचं म्हणणं, एलोव्हिश्तेचं पाणी साफ आहे, एवढी माणसं आजारी असती तर पाण्याने सांगितलं असतं. पाणी बोलतंय ते घाटाखालच्या चेर्नोडोल गावाचं. प्राध्यापक म्हणाले, चेर्नोडोलमध्ये तर एकही रुग्ण नाही, तुझा नमुना बिघडला असेल. तरी पथक निघायच्या आत स्वतः जाऊन बघायची परवानगी त्यांनी दिली.

ती एलोव्हिश्तेला आली आणि दवाखान्याच्या रांगेत बसली. नंबर लागला तसे डॉक्टर मान वर न करता लिहू लागले.

"फ्लू. चार दिवस घरी."

"डॉक्टर, मी अजून खोकलेसुद्धा नाही."

"मग खोक की, पोरी. मागे रांग आहे."

तिने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळखपत्र होतं तेच राहिलं.

रागवायला तिला फुरसत नव्हती. खरोखर तापाने फणफणलेले किती, एवढंच तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकही नाही. मग चेर्नोडोलमध्ये कोणीच आजारी कसं नाही, हे विचारलं.

"तिथे आजारी पडणं परवडत नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "शिवणकारखान्यातली बाई एक दिवस घरी राहिली की महिन्याचा हजेरीभत्ता गेला. ताप अंगावर काढतात, गरम रकियाची दारू पिऊन झोपतात आणि सकाळी मशीनवर हजर."

तिथूनच तिने प्राध्यापकांना फोन लावला.

"सर, आकडा केवढा आहे ते नंतर बघू. तो दिल्याने देणाऱ्याला काय मिळतं, ते आधी बघा. इथे खोकलं की सुटी मिळते. चेर्नोडोलला खोकलं की पगार कापतात. खोकला इथे आहे, आजार तिथे."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर गटारातच राहीन, सर. तिथे माझी ओळख आहे."

पथकाची गाडी चेर्नोडोलकडे वळली. एकेका मशीनवर तापाने फणफणलेल्या बाया सापडत गेल्या, आणि तपासणीत निघाला तो नवाच फ्लू. औषधं पोचली होती. अडचण एवढीच, की या बाया कारखान्याच्या वसतिगृहात दाटीवाटीने राहत. त्यांना वेगळं ठेवायला पुष्कळ खोल्यांची आणि माणूस नसलेली जागा हवी होती. डॉक्टर कोलारोव्हांनी दवाखान्याच्या खिडकीतून स्पासच्या हॉटेलकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बसगाड्या घाट चढून आल्या. स्पासचं हॉटेल फेब्रुवारीत पहिल्यांदा गच्च भरलं. ताप उतरल्यावर बाया गरम झऱ्यात उतरल्या, बर्फाळ डोंगराकडे पाहत बसल्या. पेत्राना नावाची एक थोराड बाई चीज भरलेली बानित्सा खाता खाता म्हणाली, "शेट, इथे जेवायला किती मिनिटं देता?" स्पासने तिला आणखी एक तुकडा वाढला.

महिनाअखेर चेर्नोडोलचं पाणी साफ झालं आणि देशात दुसरा ठिपका उमटलाच नाही. बसगाड्या खाली निघाल्या तेव्हा अख्खं एलोव्हिश्ते रस्त्याच्या दोन्ही कडांना टाळ्या वाजवत उभं होतं, आणि बाया खिडक्यांतून गात होत्या. केंद्रात आता कुठूनही आकडा आला की शेजारी लिहावं लागतं, हा कळवल्याने कोणाचा फायदा, लपवल्याने कोणाचा. झ्द्राव्काला अजून गटारराणीच म्हणतात, पण उभं राहून.

आता कोणी काय मोजलं. औषधं देशाने दिली. खोल्यांचं भाडं सरकारी दराने आलं, उरलेला भार स्पासने सोसला. डॉक्टरांनी महिनाभर खरा फ्लू तपासला, आणि हौदात त्यांना जागाच मिळाली नाही. कारखान्याच्या मालकाला कापलेले सगळे भत्ते परत करावे लागले. शाळा काही बंद झाल्या नाहीत. स्पासच्या धाकट्याने गणिताची परीक्षा ठरल्या दिवशी दिली आणि तो नापास झाला.