कात्रीवहिनींची शिकवणी

पहिली कात्री पडली ती फरशी पुसायच्या सुगंधी पाण्यावर. मग क्रीमच्या बिस्किटांवर, मग लेकीच्या केसांच्या तीन बाटल्यांपैकी दोन बाटल्यांवर, आणि शेवटी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या दाढीच्या फेसावर.

"साबण आहे की घरात," वहिनी म्हणाल्या. "साबणाचाच तर फेस होतो. डब्यातला वेगळा कशाला हवा?"

नवऱ्याने आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे साबण घासायला घेतला. त्याचं चित्रं आणि फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. दिवसभर काच आणि लाकडाशी गाठ, त्यामुळे माणूस मुळातच कमी बोलणारा. पण त्या दिवशी लेकीला म्हणाला, "जपून राहा गं बाई, घरात कात्री फिरतेय." लेकीच्या पोटात काही राहतंय होय? तिने ते जिन्यात सांगितलं आणि आख्ख्या इमारतीत वहिनींचं नाव कात्रीवहिनी पडून गेलं.

नाव पडलं गमतीत, पण मामला गमतीचा नव्हता. दुकानाच्या गाळ्याच्या मालकाने नवा करार पुढे केला होता. भाडं वाढवून हवं आणि अनामत रक्कमही दुप्पट. जमत असेल तर बघा, नाहीतर शेजारचा मोबाइलवाला गाळा घ्यायला टपूनच बसलाय, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. करारावर सही करायची ती शाळेला सुट्टी लागायच्या आत. घरातून वाचतील ते पैसे आणि शाळेचे वार्षिक फोटो फ्रेम करायचं काम, या दोन्हींची बेरीज केली की अनामत जेमतेम भरत होती. शाळेचं काम दरवर्षी ठरलेलं असायचं. प्रत्येक वर्गाचा एक मोठा फोटो, शिक्षकांचा एक, बक्षीस मिळवणाऱ्यांचे वेगळे. त्या एका कामावर दुकान बाकीचं वर्ष तग धरायचं.

आणि दुकान गेलं तर? इथे वहिनींना त्यांचे वडील आठवायचे. त्यांच्या वडिलांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा वडील खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते उठलेच नाहीत. म्हणजे जेवायला उठत, झोपायला उठत, पण माणूस म्हणून उठले नाहीत. संध्याकाळ झाली की विचारायचे, "आज कोणी आलं होतं का?" कोण येणार होतं? आई खोटंच सांगायची, की हो, एक गिऱ्हाईक येऊन गेलं. वहिनींनी ते सगळं पाहिलं होतं. पैसे कमी पडले तर पडोत, पोळीबरोबर मीठ खाऊ, पण हा माणूस खुर्चीत बसता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं.

पण हे बाहेर कळता कामा नये, हेही त्यांनीच ठरवलं. धंदा बसतोय असा नुसता वास आला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, हे त्यांनी वडिलांच्या वेळी पाहिलं होतं. "चारचौघांत एक शब्द काढायचा नाही," त्यांनी नवऱ्याला आणि लेकीला बजावलं. दोघांनी मान डोलावली. नवऱ्याने जरा उशिराने डोलावली, पण वहिनींचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग एकदा समोरच्या दारातल्या नर्सबाईंनी त्यांना पकडलंच. दारावर आलेल्या विक्रेत्याला वहिनींनी हसत हसत असं वाटेला लावलं होतं, की तो बिचारा जाताना आभार मानून गेला. नर्सबाईंनी नुकताच त्याच्याकडून भाज्या किसायचा डबा घेतला होता. घरात आधीचे दोन होते.

"वहिनी, तुम्हाला कसं जमतं हो हे?" नर्सबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "काही अडचण वगैरे नाही ना घरी?"

"छे हो. अडचण कसली?" वहिनींचं उत्तर तयारच होतं. "धंदा तर असा चाललाय की ह्यांना दुपारी जेवायला फुरसत नाही. मला आपला घरात पसारा खपत नाही, एवढंच."

"मग मलाही शिकवा की."

आता इथे नाही म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण इतक्या वर्षांत वहिनींना कोणी काही शिकवा म्हटलं नव्हतं. त्या नर्सबाईंच्या घरात गेल्या, कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "काढा सगळं बाहेर. पलंगावर ओता." ही त्यांची पद्धत होती. नवीन काही आणायचं मनात आलं की आधी कपाट रिकामं करून पलंगावर ओतायचं, आणि त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून विचारायचं, की यातलं काय याच कामाला येईल? ढिगाऱ्यातून नर्सबाईंच्या चार सारख्या चादरी निघाल्या, न उघडलेली साबणांची पाकिटं निघाली, आणि त्यांच्या नवऱ्याने हरवला म्हणून शोधून शोधून सोडलेला कमरेचा पट्टाही निघाला. नर्सबाई कपाळाला हात लावून हसत सुटल्या.

झालं. नर्सबाईंनी दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. रविवारी सकाळी एकेकीच्या घरी पलंग भरू लागला. वहिनी मध्ये उभ्या राहायच्या आणि बाकीच्या कडेने. "हे आहे. हेही आहे. मग तिसरं कशाला?" सगळ्या हसायच्या, चहा व्हायचा. बायकांनी वहिनींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि वहिनीही चढल्या. का चढू नये? घरी आल्या की गाल लाल, आवाज चढलेला. नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगायच्या, कोणाच्या कपाटातून काय निघालं, कोण काय म्हणालं. तो ऐकत राहायचा. त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू बघून वहिनींना वाटायचं, चला, निदान घर तरी सावरतंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या, फोटोंचं काम देणाऱ्या त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका बाई सगळ्यात शेवटी आल्या, आणि सगळ्यात जास्त त्यांनाच पटलं. शिस्तीची बाई. त्यांच्या पलंगावर ढीग पडला तेव्हा त्या हसल्या नाहीत. चष्मा लावून एकेक वस्तू पाहत होत्या. "हे सगळीकडेच करायला पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर शाळेच्या कामाची वाट बघणं सुरू झालं. एरवी एव्हाना शाळेचा शिपाई मापं घेऊन दुकानात येऊन जायचा. वहिनी रोज संध्याकाळी विचारायच्या, "आला होता?" नवरा म्हणायचा, "येईल." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच्याच प्रश्नाचा आवाज ऐकू आला. वडिलांचाच सूर होता तो. त्यांनी विचारणं बंद केलं. पण मन कुठे बंद होतंय? भाजी चिरून संपली तरी सुरी चालतच राहायची. लेक म्हणायची, "आई, बटाटा संपला, बोट कापशील." जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, मालकच आला. दुकानात जाऊन बघावं असंही मनात यायचं, पण गेलं की नवऱ्याला कळणार आपण घाबरलोय. म्हणून घरातच येरझारा घालायच्या आणि आणखी काय कमी करता येईल ते शोधायच्या. एक दिवस लेकीच्या वहीची उरलेली कोरी पानं फाडताना लेकीने त्यांना पाहिलं आणि वही त्यांच्या हातातून काढून घेतली.

सुट्टी तोंडावर आली तेव्हा मुख्याध्यापिका बाई जिन्यात भेटल्या. हातात पिशव्या होत्या आणि चेहरा अगदी खुललेला.

"वहिनी, तुम्हाला सांगायचंच होतं. तुमची ती पद्धत मी शाळेत वापरली. कोठीची खोली आख्खी रिकामी केली, सगळं हॉलमधल्या बाकांवर ओतलं. काय निघालं असेल?"

वहिनींनी विचारलं नाही. त्यांना आधीच कळलं होतं.

"फ्रेमा. मागच्या सगळ्या वर्षांच्या. वर्ग बदलले, फोटो जुने झाले, पण फ्रेमा जशाच्या तशा. मिस्टरांचं काम पक्कं हो तुमच्या, एकाही फ्रेमचा कोपरा सुटलेला नाही. आता फोटो तेवढे बदलायचे. वाचलेल्या पैशांतून पंख्यांचं काम काढलं, आगाऊ पैसेही देऊन टाकले. मुलं उकडून जातात हो. हे सगळं तुमच्यामुळे बरं का."

"चांगलं झालं," वहिनी म्हणाल्या. हे शब्द तोंडातून कसे निघाले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

घरी येऊन त्या दार लावून तशाच उभ्या राहिल्या. नवरा भर दुपारी घरीच होता, भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याला तसा बसलेला बघून त्यांचं उरलंसुरलं अवसान गळालं.

"शाळेचं काम गेलं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. बाई दुकानात आल्या होत्या. एक जुनी फ्रेम घेऊन आल्या होत्या. विचारलं, ही चालेल का अजून?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"चालेल म्हणालो. चालतेच ती."

वहिनींचा पारा चढला. "अहो, एक खोटं बोलता आलं नाही? लाकूड वाकलंय म्हणायचं. कीड लागेल म्हणायचं. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"जिभेवर आलं होतं," तो म्हणाला. "पण त्या म्हणाल्या, वहिनींनीच शिकवलंय, आहे ते आधी वापरा. आता मी नाही म्हटलं असतं, तर माझ्या नाही म्हणण्याने तूच खोटी पडली असतीस. तू रविवारची घरी यायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा बघायचो मी. म्हटलं, दुकान तर जाणारच आहे आज ना उद्या. निदान हे तरी राहू दे तिच्याकडे."

वहिनी त्याच्यासमोर खाली बसल्या. रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना. बायकांवर? त्यांनी काय केलं होतं? अडचण आहे का, असं नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. धंदा जोरात आहे ही थाप कोणी मारली? आपण ताकास तूर लागू दिली नाही, आणि मग लोकांनी आपल्याला खाऊनपिऊन सुखी समजून आपलंच काम कमी केलं, तर चुकलं कोणाचं?

रविवारी बायका मुख्याध्यापिका बाईंकडेच जमल्या होत्या. वहिनी गेल्या. न जाण्याचा विचार करून करून थकल्या आणि मग गेल्या. त्यांना बघून सगळ्यांनी जागा करून दिली. नर्सबाई म्हणाल्या, "या मास्तरीणबाई, आज काय ओतायचं?"

"आमचं दुकान बंद होतंय," वहिनी म्हणाल्या.

खोलीत चमचा वाजत होता तो थांबला.

"मी काटकसर करत होते ती पसारा नको म्हणून नव्हे. पैसे नव्हते म्हणून. गाळा सुटतोय. शाळेचं काम मिळालं असतं तर राहिला असता कदाचित. मी सांगितलं नाही, मला लाज वाटली. तुमची कोणाची काही चूक नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून आले."

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ तो पदराने पुसत राहिल्या. "अहो, मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" त्या शेवटी म्हणाल्या. "मी तुमच्याच इमारतीत राहते, तुमच्या हातचा चहा पिते. तुमचं बरं चाललंय म्हणून मी निर्धास्तपणे ते काम काढून घेतलं. आता पैसे देऊन झाले. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

नर्सबाईंनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी ठेवू दिला.

खाली आल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर. काम काही परत मिळत नाही." त्यांनी श्वास घेतला. "चारचौघांत एक शब्द काढायचा नाही, हे मीच म्हटलं होतं. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "तो फर्निचरच्या कारखान्याचा मालक आहे ना, त्याने मला विचारलं होतं. कोपरे जोडायला माणूस हवा होता त्याला. कारखाना आपल्याच रस्त्यावर, येताजाता सगळ्यांना दिसलो असतो. तू म्हणाली होतीस कोणाला कळायला नको. म्हणून नाही म्हणालो."

"कधी विचारलं होतं?"

"करार आला तेव्हाच."

खुर्चीत बसेल म्हणून ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, तो माणूस चालायला तयार होता, आणि दारात आपणच आडव्या उभ्या होतो. हे वहिनींना आत्ता कळलं आणि त्यांना आता मात्र रडू आलं, चांगलं हुंदके देऊन.

त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला आणि बटणं लावत जिन्याकडे निघाला.

"आज रविवार आहे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"मालक कारखान्याच्या मागेच राहतो."

तो जिना उतरून गेला. ती जागा एवढ्या दिवसांत दुसऱ्या कोणी घेतली असेल का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि वहिनींनाही नव्हतं.