साडेतीनची रेघ

आमच्या घरातला विजेचा मीटर माझ्या पुस्तकांच्या कपाटामागे आहे. कपाट तिथे ठेवलं ही चूक माझीच; पण दुसरी भिंत रिकामी नव्हती आणि पुस्तकं काही कमी होत नव्हती. कपाट आणि मीटर यांच्यात जेमतेम वीतभर फट. रीडिंग घ्यायला येणारा माणूस अंगाने भरलेला. त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला माझी बायको स्टुलावर चढायची, मान तिरकी करून फटीत घालायची आणि आकडे वाचायची. तो ते परत म्हणत टिपून घ्यायचा.

"चार."

"चार."

"शून्य."

"शून्य. सावकाश, वहिनी, पडाल. मग दादा मला रीडिंग देणार नाहीत."

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. तिथे असंच चालायचं. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवायचं. वर्षानुवर्षं शेजारी बसल्यावर कुठे दोन आवाज एका चालीत येतात. या दोघांचे पहिल्याच महिन्यात आले होते. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असे, आणि पान उलटत नसे.

आकडे झाले की चहा. चहाबरोबर त्याच्या गुडघ्याची चौकशी, आणि लोक मीटरसमोर काय काय रचून ठेवतात याच्या त्याने केलेल्या नकला. ती खळखळून हसायची. माझ्या विनोदाला ती हसते ती समजूत काढल्यासारखी. ती त्याला भाऊ म्हणायची, तो तिला वहिनी. यात जळण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर कधी मिळालं नाही, पण जळणं दर पाच तारखेला वेळेवर व्हायचं.

मग वीज कंपनीचं पत्र आलं. हवा असल्यास स्मार्ट मीटर बसवून देऊ, रीडिंग आपोआप आमच्याकडे येईल, कोणी घरी येण्याची गरज उरणार नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

बायकोला तो नको होता. चाललंय ते कशाला उकरायचं, असं तिचं म्हणणं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने तो बसवून घेतला होता, आणि मशीन किती वाजता चालवली तेही तिला फोनवर दिसत होतं. म्हणजे कंपनीलाही दिसत असणार. मी लोकांना अंदाजे येणाऱ्या बिलांवर, वाया जाणाऱ्या विजेवर बोललो. इतकं सलग मी घरात कित्येक वर्षांत बोललो नसेन. मुद्दे सगळे खरे होते. लाज वाटते ती त्याचीच.

"आपण केव्हा काय चालू करतो, ते दुसऱ्याला कशाला कळायला हवं?" ती म्हणाली.

"कळलं तर बिघडलं कुठे? आपल्याला काय लपवायचंय?"

"कनेक्शन तुमच्या नावावर आहे. करा सही."

मीटर बसला. पुढच्या पाच तारखेला तिने सवयीने स्टूल पुसलं, आणि परत जागेवर ठेवलं. मला बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईट नंतर वाटलं.

मुलीने माझ्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप घालून दिलं. दर अर्ध्या तासाच्या विजेचा एक उभा खांब त्यात दिसतो. मी ते मुद्रितासारखं तपासू लागलो. सकाळी गीझर, संध्याकाळी दिवे, सगळं जागच्या जागी. एकच खांब जागेवर नव्हता. दुपारचे साडेतीन. एवढी वीज त्या वेळी फक्त विजेची किटली खाऊ शकते. पण चहा आम्ही पाचला घेतो, मी वाचनालयातून आल्यावर. मी मागचे दिवस चाळले. खांब रोज होता. रविवारी वाचनालय बंद असतं, मी घरी असतो. रविवारी खांब नव्हता.

भाऊला आता घरोघर फिरायचं काम फारसं उरलं नसणार. दुपारी मोकळाच असणार.

गुरुवारी मी सव्वातीनलाच वाचनालयातून निघालो. जिन्यात चपला काढून हातात घेतल्या, या वयात. किल्ली आवाज न करता फिरवली.

ती एकटी होती. माझ्या खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात कप. रेडिओ बंद. काही वाचत नव्हती, काही निवडत नव्हती. चेहरा इतका निवांत की तो मी पूर्वी पाहिला होता का, हे मला आठवेना. मी मोरीत डोकावलो. दुसरा कप नव्हता.

तिने माझ्या हातातल्या चपला पाहिल्या.

"मीटर बघून आलात?"

मी चपला खाली ठेवल्या.

"कुणी येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की मी एक चहा घेते. एकटीने. वीस वर्षं झाली." तिने पाय खाली घेतले आणि उठली. "बसा."

मी बसलो. खुर्ची ऊबदार होती. भाऊ तिथे बसलेला सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं. त्याच्याशी मला स्वतःला ताडून पाहता आलं असतं. त्याचा गुडघा दुखतो, तो जाड आहे. घरातल्या माझ्या नसण्याशी मी कशी बरोबरी करणार?

अ‍ॅप काढून टाकतो, असं मी म्हणालो. ती म्हणाली, राहू दे, तुम्हालाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वाचनालयात मी फोन उघडलाच. साडेतीनला खांब नव्हता. जमिनीलगत एक सरळ रेघ होती. आपल्यामुळे तिचा चहा सुटला, असं मनात घेऊन मी पाचला घरी आलो. गॅसपाशी चहाचं छोटं पातेलं पालथं घातलेलं होतं, अजून ओलं.

गॅस कंपनीचं स्मार्ट मीटरचं पत्र अद्याप आलेलं नाही. आलं तर ते मी आधी तिला दाखवीन की आधी सही करीन, हे मला खात्रीने सांगता येत नाही.