आईची वाढवलेली आठ वर्षं

माझ्या आईचं, अनसूयाचं, खरं वय साठ आणि आधार कार्डावरचं अडुसष्ट. मधली आठ वर्षं बाबांनी लावली. एसटीचं अर्धं तिकीट तेव्हा पासष्टीला मिळायचं, म्हणून आमच्या पालम गावात बऱ्याच जणांनी वय वाढवून घेतलं होतं. "चारठाण्याला माहेरी अर्ध्या तिकिटात जाशील," म्हणत बाबा तिला हौसेनं आधार केंद्रात घेऊन गेले. पुढच्याच वर्षी सगळ्याच बायांना अर्धं तिकीट झालं.

यंदा आईच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन करायचं होतं आणि विमा नव्हता. बाबा शाळेतले निवृत्त कारकून, म्हणून मी निवृत्तांच्या तीन योजना समोरासमोर मांडून बसले. पहिलीत जुन्या आजाराला तीन वर्षं थांबा. दुसरीत निम्मा खर्च आपला. तो आम्हाला सात जन्मांत झेपला नसता. तिसरी निवृत्तांच्या संघटनेची, जुना आजारही पहिल्या दिवसापासून, जोडीदारासह. मी तर हरखूनच गेले.

आईला घेऊन आम्ही परभणीला संघटनेच्या दिनकररावांकडे गेलो. त्यांनी आधार बघितलं.

"जोडीदार पासष्टच्या आतला पाहिजे. वहिनी तर अडुसष्टच्या हायत."

"ते खोटं हाय हो," बाबा म्हणाले. "साठच हाय ती."

"मग दुरुस्त करून आणा."

आधार केंद्रात कळलं, जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती एक वेळ आम्ही एसटीपायी घालवून बसलो होतो. सरकारची मोफत योजना विचारली, तर ती सत्तरीनंतर. म्हणजे आई इथं म्हातारी आणि तिथं तरणी! मला बाबांचा इतका राग आला, की परतीच्या बसमध्ये मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

कंडक्टर आला. आईनं सवयीनं आधार पुढं केलं.

"ठेवा मावशी, बायांना तसंच अर्धं हाय."

बाबा खिडकीकडे तोंड करून रडायला लागले. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अवो, उगं काहून रडायलाव? सत्तरीला दोनच वर्सं ऱ्हायलीत. काढते की मी."

डॉक्टरांनी ऑपरेशनला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तिला ते आम्ही सांगितलं नव्हतं.