पान उलटायचा हुकूम

सांगलीत हळदीच्या वखारीवरची माडी भाड्यानं घेऊन मी क्लास काढला, ही माझ्या आयुष्यातली ठळक चूक. खाली हळद, वर गणित आणि इंग्रजी. पोरं सकाळी सातला यायची आणि नऊला शिंकत जायची. अंगावर पिवळी धूळ घेऊन मी घरी गेलो की बायको म्हणायची, तुमच्या पोरांना नोकरीच्या आधीच हळद लागते. पहिल्या वर्षी मी हसलो होतो. अकराव्या वर्षी तेवढाही उत्साह राहत नाही.

दिवसभर हायस्कूल आणि त्याआधी हा क्लास, बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामी करतो. अमक्या स्टेशनावरून एक गाडी निघते, तमक्या स्टेशनावरून दुसरी. त्या गाड्या कुठं भेटतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अकरा वर्षं मी त्याच टाकीत पाणी भरत होतो आणि पोरं पास होऊन कुठं कुठं निघून जात होती. कुणी मिठाई आणून द्यायचं, कुणी तेही नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैत एका सकाळी साडेसहालाच जिन्याशी एक माणूस ताठ उभा दिसला. मिशा नीट कातरलेल्या, बुटांना पॉलिश, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, कुणाचा तरी बाप चौकशीला आलाय.

"न्हाई सर, परीक्षेला मलाच बसायचंय," तो म्हणाला.

नाव सयाजी. गाव कवठे महांकाळच्या पुढं, जिथं बाजरीसुद्धा मर्जी असेल तर येते. मॅट्रिक होऊन हा माणूस पलटणीत गेला आणि सतरा वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आला. वय सदतीस. माजी सैनिकांना वयाची सवलत होती, पण त्याची तीही या वर्षाअखेर संपत होती. म्हणजे ही एकच परीक्षा, दुसरी नाही.

"अहो, तुम्हाला बँकेत गार्डची नोकरी सहज मिळेल की," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला आणखी एक डोकं अंगावर घ्यायचं नव्हतं.

"मिळतीय की. सोल्जर बोर्डाचं पत्र बी आलंय. मार्चपातूर अर्ज द्या म्हनत्यात. दारात बंदूक घिऊन हुबं ऱ्हायाचं." पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "सतरा वर्सं हुबाच हाय, सर. बर्फात हुबा, वाळूत हुबा, सायबाच्या बंगल्याम्होरं हुबा. आता गुडघं कुरकुरत्यात. मला आत खुर्चीवर बसायचंय. तेवढंच."

इतकी साधी मागणी घेऊन माझ्याकडं कुणी आलं नव्हतं. बाकीच्यांना साहेब व्हायचं असायचं. मी नाव लिहून घेतलं.

सयाजीरावांच्या गावात एक मुक्कामी एस.टी. होती, ती पहाटे सुटायची. तिनं ते यायचे आणि माझ्या आधी जिन्यात हजर असायचे. क्लासातली पोरं त्यांना मेजर म्हणायची. हवालदाराला मेजर केलं की आपल्याकडं बढतीचा खर्च येत नाही. मी मात्र त्यांना सयाजीराव म्हणत असे, कारण ते माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान होते आणि माझ्याहून बरेच कमी कुरकुरायचे.

गणिताची त्यांना भीती नव्हती. भीती इंग्रजीची. पलटणीत रोमन अक्षरांत हिंदी लिहिलेली, त्यामुळं अक्षर ओळखीचं, पण शब्द परके. मी रोज वीस शब्द द्यायचो. घरी त्यांची बायको शालूबाई वही हातात धरून समोर बसायची. तिला वाचता येत नव्हतं. सयाजीराव शब्द म्हणायचे, अर्थ म्हणायचे, आणि ती नुसती त्यांच्या तोंडाकडं बघायची.

"अडकलो की तिला बराबर कळतंय," ते एकदा म्हणाले. "म्हनती, ह्यो शब्द पुन्यांदा. वहीत काय हाय ते तिला ठावं न्हाई, पर मला येत न्हाई ते ठावं."

गणितात त्यांची खोड वेगळीच होती. ते गणित सोडायचे नाहीत. परीक्षेत पन्नास गणितं आणि चाळीस मिनिटं. जे येत नाही ते टाकून पुढं जायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. पण सयाजीराव चौथ्या गणिताला अडले की चौथ्यालाच बसून राहायचे.

"अहो, सोडा ते. पुढं जा."

"कसं सोडू, सर? पोस्ट हाय ती. बदलीचा जवान आल्याबिगार पहाऱ्याची पोस्ट सोडायची न्हाई."

मी कपाळाला हात लावला. "सयाजीराव, ही परीक्षा आहे. इथं कुणी तुमच्यावर चालून येणार नाही."

दोन महिने घालवून मी त्यांना गणित सोडायला शिकवलं. प्रत्येक सोडलेल्या गणितापुढं ते बारीक टिंब द्यायचे आणि टिंब देताना त्यांचा चेहरा पडायचा. पण वेग आला. दिवाळीच्या सुमाराला ते चाळीस मिनिटांत छत्तीस-सदतीस गणितं बरोबर सोडवायला लागले. पास व्हायला तीस पुरत होती. इंग्रजीही काठावरून वर सरकलं. मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं होतं.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. आदल्या वर्षी माझा एक विद्यार्थी, भाऊसो, हुशार पोरगा, परीक्षेत घाईनं वागला. त्या परीक्षेत आधी इंग्रजी, मग गणित, दोन्हींची वेळ वेगळी. एक भाग संपला की पर्यवेक्षक सांगेपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही, तसं पुस्तिकेवर ठळक छापलेलं. भाऊसोनं अर्धं मिनिट आधी पान उलटलं. पर्यवेक्षकानं पुस्तिका काढून घेतली आणि त्याला बाहेर काढलं. आता तो वडिलांबरोबर ऊस तोडायला जातो आणि मला रस्त्यात भेटला तर दुसरीकडं बघतो.

त्या दिवसापासून मी हटून बसलो होतो आणि भाऊसोची गोष्ट क्लासात सगळ्यांना ऐकवत होतो. दर रविवारी सराव परीक्षा. इंग्रजी संपलं की सगळ्यांनी पेन्सिल खाली ठेवायची, हात पुस्तिकेवर. मी मुद्दाम थांबायचो. घंटा वाजवायचो आणि गप्प राहायचो. पोरं चुळबुळायची, एखादा पान उलटायचाच, मग मी त्याच्यावर तोंड सोडायचो. "घंटेला विचारतंय कोण? माणसानं तोंडानं सांगितलं तरच पान उलटायचं." सयाजीरावांनी एकदाही पान उलटलं नाही. एकदा मी पाच मिनिटं थांबलो, तरी त्यांचा हात हलला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "याला म्हणतात शिस्त. यांच्याकडून शिका." ते लाजून खाली बघत होते. मला फार बरं वाटलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी परीक्षा झाली. त्यांना साताऱ्याचं केंद्र आलं होतं. सोमवारी सकाळी मी क्लासला गेलो तर ते जिन्यात नव्हते. माडीवर पोरं आली, टाकी काढून झाली, नळ सुटले, आणि मग ते दारात येऊन उभे राहिले. त्यांचे बूट धुळीनं भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पोरांना उदाहरण घालून मी त्यांना बाहेर घेऊन आलो.

"इंग्लिश चांगलं गेलं, सर," ते म्हणाले. "लय चांगलं. दोनच शब्द आलं न्हाईत."

"मग?"

मग त्यांनी सांगितलं, सरळ, एकामागून एक, वर रिपोर्ट द्यावा तसं. वर्गावर एकच बाई होत्या. इंग्रजी संपायला आलं तेव्हा शिपायानं त्यांना दाराशी बोलावलं. दुसऱ्या खोलीत पुस्तिका कमी पडल्या होत्या, त्याची काहीतरी भानगड. बाई दाराबाहेर बोलत होत्या तेवढ्यात घंटा झाली. पहिल्या बाकावरच्या पोरानं इकडं तिकडं बघितलं आणि पान उलटलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. बाई आत आल्या तर सगळा वर्ग गणितं सोडवत होता. त्यांना वाटलं, आपण सांगितलंय. किंवा काहीच वाटलं नसेल. त्या खुर्चीवर बसल्या.

"आणि तुम्ही?"

"मी पुस्तिकेवर हात ठिवून बसलो."

"अहो, विचारायचं होतंत."

"बोलायचं न्हाई असं लिवलंवतं, सर. मग हात वर केला. बाईंनी बगितलं आन् शिपायाला खूण केली. त्यानं पानी आनलं."

"मग?"

"मग पानी प्यालो."

आतून एका पोराची शिंक ऐकू आली.

"दुसऱ्यांदा हात केला तवा बाई स्वता आल्या. म्हनल्या, का हो लिवत न्हाई? म्हनलं, हुकूम न्हाई मिळाला. त्या बगतच ऱ्हायल्या. मग म्हनल्या, उलटा की. घड्याळात बगितलं तर बारा मिंटं ऱ्हायलीवती."

बारा मिनिटांत त्यांनी चौदा गणितं केली होती. अडलेली सोडली, टिंबं दिली, सगळं मी शिकवल्याप्रमाणं. चौदाच्या चौदा बरोबर असणार याची मला खात्री होती. त्याचा उपयोग नव्हता.

मी त्यांच्यावर चिडलो. माणूस दुसऱ्यावर चिडतो तेव्हा बऱ्याचदा त्याला स्वतःपासून लांब पळायचं असतं. "सगळा वर्ग उलटतोय आणि तुम्ही एकटे बसून राहिलात? डोळे होते ना तुम्हाला?"

"व्हते की. भाऊसोचं ध्यानात आलं," ते शांतपणे म्हणाले. "म्हनलं, ही सगळी आता भाईर निगनार. मीच ऱ्हानार."

"माझंच चुकलं, सयाजीराव. मीच तुमच्या डोक्यात ते बसवलं."

"न्हाई सर. तुमी बराबर सांगितलंवतं."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी हायस्कूलला दांडी मारली आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळाला इंग्रजीतून तक्रार लिहिली, दोन पानं. अकरा वर्षांत मी इतकं जोरकस इंग्रजी लिहिलं नव्हतं. पर्यवेक्षिकेचा हलगर्जीपणा, माजी सैनिकावर अन्याय, फेरपरीक्षेची मागणी, सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी सयाजीरावांसमोर कागद ठेवला आणि पेन पुढं केलं.

त्यांनी कागद उचलून वाचायला घेतला. बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं. मी समजावून सांगू लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोन्ही पानं त्यांनी संपवली. मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही.

"बाईंची नोकरी जाईल ह्यानं," ते म्हणाले.

"जाऊ दे की. तुमची गेली त्याचं काय?"

"माजी व्हती कुटं अजून?" त्यांनी कागद परत ठेवला. "त्या बाई पानी पाजून लय येळ माज्याकडं बगत हुत्या, सर. दमलेल्या दिसत हुत्या. सकाळपासनं हुब्या असतील. आन् वर चौकशी झाली तर काय सांगू मी? सगळ्यांनी उलटलं आन् ह्यो फौजी हुकमाची वाट बगत बसला, असंच व्हनार. पलटनीला हसतील."

मी खूप बोललो. बोलून काही होणार नाही हे माहीत असूनही बोललो. त्यांनी सही केली नाही.

निकाल फेब्रुवारीत लागला. त्यांचा नंबर नव्हता. वयाची सवलत संपलेलीच होती. क्लासात नवीन पोरं आली, मी पुन्हा टाकी काढली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सयाजीराव आले. पोरं यायची होती. त्यांनी पिशवीतून आखीव फुलस्केप काढून माझ्यापुढं धरला. गार्डच्या जागेसाठी बँकेच्या मॅनेजरला अर्ज, इंग्रजीतून.

"मीच लिवलाय. तिकडं मराठी बी चालतंय म्हनले, पर शिकलोय तर म्हनलं... तेवढा तपासून द्या."

"बसा ना," मी बाक पुढं सरकवत म्हणालो.

"असू द्या, सर. आता बसायची सवय नको."

मी लाल पेन्सिल घेऊन वाचायला लागलो. नाव, पलटणीतली वर्षं, हुद्दा. बंदूक चालवता येते. तब्येत ठणठणीत आहे. दिवसपाळी, रातपाळी, दोन्हीला तयार आहे. बराच वेळ उभं राहायची सवय आहे. अक्षर मोठं आणि सरळ. एकदा वाचून झालं, दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी चूक शोधत होतो. एखादी तरी सापडावी असं फार वाटत होतं. सापडली असती तर त्यांना म्हणालो असतो, पुन्हा नीट लिहून उद्या घेऊन या.

ते माझ्या टेबलासमोर उभे होते, माझ्या पेन्सिलीकडं बघत.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."