ताटाची डावी बाजू

नरेंद्र खांबेट्यांनी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत छत्तीस वर्षं ब्रेक तयार केले, आणि आता सत्त्याहत्तराव्या वर्षी कुठेही थांबायची त्यांची इच्छा नव्हती. ट्रॉय या उपनगराच्या लायब्ररीत ज्येष्ठांसाठी ग्रीक तत्त्वज्ञानाचा वर्ग निघाला तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. त्याआधी ते बागकामाच्या वर्गाला जात. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनाच त्यांनी ठिबक सिंचन शिकवायला घेतलं, तेव्हा तो वर्ग सुटला.

वर्ग मंगळवारी सकाळी असे. त्यामुळे मंगळवारी दुपारी खांबेट्यांकडे जेवायला एक नवा ग्रीक येई.

पहिल्या मंगळवारचा ग्रीक म्हणत होता की सगळं जग पाण्याचं बनलेलं आहे. पत्नी वसुधाबाईंनी तुंबलेलं सिंक दाखवलं. नरेंद्रराव म्हणाले, "तो तपशील झाला."

दुसऱ्याचं म्हणणं, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. त्याच आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये घेताना डावा आरसा दाराच्या चौकटीला लागून तुटला. "जुना आरसा तसाही तोच राहिला नव्हता," असं म्हणून त्यांनी नवा मागवला.

तिसऱ्या मंगळवारी स्टोइक आले. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि नसलेल्यांसाठी जीव जाळू नये. बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूमधल्या पिवळ्या खांबाने गाडीचा डावा दरवाजा पार खरवडला होता. "खांब काही आपल्या हातात नव्हता," नरेंद्रराव म्हणाले.

"आणि स्टिअरिंग?" वसुधाबाईंनी विचारलं.

नरेंद्ररावांनी आणखी थोडा भात घेतला.

गाडी सोडायची म्हणजे काय, हे ते जाणून होते. वसुधाबाईंनी एका हिवाळ्यात बर्फावर गाडी गोल फिरल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. देऊळ, मंडळ, इंडियन ग्रोसरी, त्यांच्या गुडघ्यांचा फिजिओ, सगळं नरेंद्ररावांच्या चाकांवर चालायचं. मित्र एकनाथ कारखानीस यांनी मागच्या वर्षी किल्ल्या मुलाच्या हवाली केल्या. तेव्हापासून मंडळात सगळे त्यांच्याबद्दल 'फार गोड माणूस होता' असं बोलत. माणूस घरी ठणठणीत बसलेला होता. नरेंद्ररावांना मरणापेक्षा या भूतकाळाची भीती वाटे.

तशी वसुधाबाईंचीही एक खोड त्यांच्या लक्षात आली होती. मध्यंतरी ते दोनतीनदा म्हणाले होते, "हल्ली कोशिंबीर करत नाहीस." तेव्हापासून कोशिंबीर रोज येऊ लागली, पण उजवीकडे, भाजीला खेटून. मीठ, लिंबू, चटणी, सगळं उजवीकडे. जिच्या माहेरी डावं-उजवं चुकलं तर पानावरून उठवत, ती बाई! "अमेरिकेत राहून शेवटी बाटलीस," असं ते चिडवत. वसुधाबाई म्हणत, "बाटले."

गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो मात्र वसुधाबाईंनी वेस्ट विंडसरला लेकीला पाठवले. शनिवारी सकाळी सावनी नऊ वर्षांच्या अनुष्काला घेऊन दाखल झाली. चहा व्हायच्या आत तिने हात पुढे केला.

"बाबा, किल्ली. आय अ‍ॅम सीरियस."

"देतो," नरेंद्रराव म्हणाले. सॉक्रेटिसचा मंगळवार नुकताच होऊन गेला होता. "मला एवढंच सांग, चांगला ड्रायव्हर म्हणजे कोण?"

"जो कशाला ठोकत नाही."

"म्हणजे जो गाडी गॅरेजबाहेर काढतच नाही, तो सगळ्यांत चांगला?"

"नाही! जो सेफली ड्राइव्ह करतो."

"सेफ म्हणजे नियमाने?"

"ऑफ कोर्स."

"मग तुला स्पीडिंगची दोन तिकिटं कशी मिळाली?"

असं वीस मिनिटं चाललं. शेवटी सिद्ध झालं ते असं, की चांगला ड्रायव्हर म्हणजे काय हे सावनीला माहीत नाही, आणि ज्याची व्याख्या करता येत नाही ते वडिलांकडे नाही असं तिला म्हणता येणार नाही. किल्ली मागायला आलेली मुलगी डोळे पुसत डेकवर जाऊन उभी राहिली. "ही माझी फिअर आहे बाबा, तुझा क्लास नाही," एवढंच ती म्हणाली होती. नरेंद्रराव वाद जिंकले होते आणि त्यांना अजिबात बरं वाटत नव्हतं. भरपाई म्हणून त्यांनी जाहीर केलं, की जेवण झाल्यावर अनुष्काला आइस्क्रीमला ते स्वतः नेतील.

वसुधाबाईंनी आमटी ढवळायची थांबवली. मग पानं घ्यायला लागल्या.

"या मंगळवारी आणखी काय झालं?" पानं वाढता वाढता त्यांनी विचारलं. आपणहून त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. नरेंद्रराव खुलले.

"सॉक्रेटिसनेच सांगितलेली गोष्ट. एका गुहेत माणसं जन्मापासून बांधलेली आहेत. मान वळत नाही. समोरच्या भिंतीवर सावल्या पडतात, तेवढंच दिसतं."

"आजूबाजूचं काहीच दिसत नाही?"

"काही नाही."

"आणि दिसत नाही, हे त्यांना कळतं?"

"कसं कळणार? न दिसणारी गोष्ट काळी दिसत नाही, ती नसतेच. त्यांना वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय."

"कुणी येऊन सांगितलं तर?"

"त्याच्यावर चिडतील. हातात सापडला तर जीवसुद्धा घेतील."

"हं," वसुधाबाई म्हणाल्या. "बसा जेवायला."

सावनी आत येऊन बसली. अनुष्का आजोबांच्या समोर होती. नरेंद्ररावांनी पानाकडे पाहिलं. भाजी होती, आमटी होती, वरणभात होता.

"आज कोशिंबीर नाही? चटणी पण नाही? लेक आल्यावर तरी करायचीस."

अनुष्काने आजीकडे बघितलं, मग आजोबांकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "इट्स राइट देअर."

"कुठे?"

वसुधाबाईंनी हात पुढे करून त्यांचं ताट हळूच अर्धं फिरवलं. भाजी आणि आमटी नाहीशी झाली. त्यांच्या जागी मीठ आलं, लिंबाची फोड आली, खोबऱ्याची चटणी आली, काकडीची कोशिंबीर आली. सगळं शेजारी शेजारी, पन्नास वर्षं ज्या क्रमाने वाढलं जायचं अगदी त्याच क्रमाने.

नरेंद्ररावांनी स्वतः ताट उलट फिरवलं. कोशिंबीर गेली. पुन्हा फिरवलं. आली. इंजिनिअर माणूस, एकदा तपासून थांबणार नव्हता. चौथ्या वेळी फिरवून त्यांनी ताटावरचा हात काढला.

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"डॉक्टरकडे नेलं का नाहीस?"

"दोनदा म्हटलं मी. तुम्ही म्हणालात, समोरचा बोर्ड वाचता येतोय, डोळ्यांना काय धाड भरलीये."

"मग मला स्पष्ट सांगायचंस, वसू."

"धीर झाला नाही," वसुधाबाई म्हणाल्या. त्या भाताकडे बघून बोलत होत्या. "एकनाथरावांसारखे घरात बसून राहाल, म्हणून. वाटलं, डावीकडचं उजवीकडे आणून ठेवलं की भागेल. ताटात भागलं हो. रस्त्यावरचं मी उजवीकडे कसं आणू?"

ड्राइव्ह-थ्रूचा खांब डावीकडे होता. गॅरेजची चौकट डावीकडे होती. दर मंगळवारी लायब्ररीला वळताना डाव्या हाताला एक प्राथमिक शाळा लागते, हे नरेंद्ररावांना माहीत होतं. ती बऱ्याच दिवसांत दिसल्याचं त्यांना आठवेना.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सावनीच्या ताटाशी ठेवली. तिने काही व्याख्या मागितली नाही.

"आइस्क्रीमला तू ने," ते म्हणाले. "सोमवारी डॉक्टरकडेही तूच ने."

"तुम्ही पण येणार आइस्क्रीमला," वसुधाबाई म्हणाल्या. मग त्यांनी ताट सरळ केलं आणि सवयीने कोशिंबीर उचलून उजवीकडे ठेवायला गेल्या.

"राहू दे तिथेच," नरेंद्रराव म्हणाले.

त्यांनी मान डावीकडे वळवली. कोशिंबीर दिसेपर्यंत वळवत नेली, आणि जेवायला सुरुवात केली.